विमलाबाईची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. पाढे लिहायची नव्हे, मासळीची! नाक मुरडू नका. माझ्या अंगाला कोळंबीचा वास आहे आणि मला त्याची लाज नाही.

कळव्याच्या एका बुरडाने मला बांबूच्या कामट्यांनी विणलं आणि विमलाबाईने डोक्यावर घेतलं. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली ही एकटी बाई. मागेपुढे कोणी नाही. बाजारातली हातभर जागा आणि मी, एवढाच तिचा संसार.

आमच्या बाजाराची एक रीत होती. कोणी कोळीण आजारी पडली, की तिची पाटी तिच्या जागेवर ठेवायची. बाकीच्या बायका आपल्यातली मूठभर मासळी तिच्यात टाकायच्या आणि एखादं पोर जवळ बसून ती विकायचं. पाटी एकटी सोडायची नाही.

एकदा विमलाबाई तापाने पडली. शेजारी बसणाऱ्या मंजुळाने आपली लेक मेघाली माझ्याजवळ बसवली. शाळकरी पोर ती, गाल फुगवूनच बसली.

"आये, मला खेळायला जायचंय."

"गुमान बस गो! आज तिची पाटी, उद्या माझी."

त्या दिवशी मेघालीने सगळी कोळंबी मातीमोल विकली. बरी होऊन आल्यावर विमलाबाई पोट धरून हसली. "भाव पाडलास गो माझा, बये!" मग तिनेच पोरीला गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवलं. पुढे कोणाची पाटी एकटी दिसली, की मेघाली न सांगता जाऊन बसायची. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं.

ती शिकली, निवडून आली, नगरसेविका झाली. लोक म्हणतात, भाषणांनी मोठी झाली. काहीतरीच! ती इथे मोठी झाली, ओल्या फरशीवर, माझ्याशेजारी.

मग नवा बाजार बांधायचं ठरलं. नव्या बाजारात ओटे कोणाला द्यायचे हे ठरवायला पालिकेची माणसं जागा मोजायला आली, तेव्हा विमलाबाई इस्पितळात होती. बायकांनी मला जागेवर ठेवलं, मासळीही टाकली. पण जवळ बसायला पोर कुठून आणायचं? सगळी क्लासला गेलेली. "पाटी ठेवलीय ना, झालं," म्हणत जी-ती आपल्या गिऱ्हाइकात गुंतली. मोजणाऱ्याने जागा रिकामी धरली आणि विमलाबाईचा ओटा गेला.

ते ऐकून तिने अन्न सोडलं. "माझी जागा गेली गो," एवढंच म्हणत राहिली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी बोंब ठोकली असती!

मेघाली धावत आली. पालिकेचे साहेब म्हणाले, "मॅडम, तिथे कोणी बसतच नाही. माणूस दिसला तर पुन्हा मोजू."

मेघालीने वाद घातला नाही. पदर खोचला आणि माझ्याजवळ मांडी घालून बसली. "बसले. आता मोजा. तुम्ही मोजेपर्यंत रोज बसेन." मंजुळाने डोळे पुसत माझ्यात मूठभर बोंबील टाकले. मागोमाग सगळ्यांनी टाकले. मेघाली रोज येत राहिली आणि शेवटी साहेबांनी जागा पुन्हा मोजली.

त्याच दिवशी ती मला घेऊन इस्पितळात गेली.

"मावशी, ओटा मिळाला."

"पाटीवर कोण बसलेलं?"

"मीच."

विमलाबाई हळूच हसली. "भाव नाय ना पाडलास?"

"नाय गो मावशी."

नवा बाजार उघडायच्या आधीच विमलाबाई गेली. त्या ओट्यावर ती एकदाही बसली नाही. हे दुःख माझ्या कामट्यांतून जात नाही. आता मी त्याच ओट्यावर असते; बायकांनी तो आजारी कोळणीसाठी राखून ठेवलाय. कोणी आजारी पडली की तिच्या वाट्याची मासळी माझ्यात जमते आणि सवड काढून मेघाली येऊन बसते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी आजारी पडलं, तर त्याच्या बाकावर नुसतं दप्तर ठेवून जागा धरू नका. त्याच्या जागेवर बसा, त्याचा अभ्यास लिहून घ्या आणि संध्याकाळी त्याच्या घरी जा. तो नक्की विचारेल, "माझ्या जागेवर कोण बसलं होतं?"