उचकी कुणाची?

"श्वास आत घे गं, हुक लागत नाहीये," मी धाकट्या बहिणीच्या पाठीमागे कुरकुरत होते. पंधराव्या वर्षी एका गाण्याने, खरं तर त्यातल्या एका उचकीने, ती घराघरात पोचली. कोरसमध्ये तेव्हा मीही होते. आज पंचवीस वर्षांनी ती पुन्हा स्टेजवर निघाली आणि उचकी काही जमेना.

उचकी लागावी म्हणून ड्रमवाल्याने तिच्या पाठीत धपाटा घातला. तिच्या घशातून नुसतं "डरांव" निघालं. "यापेक्षा बेडूक बरा!" आई म्हणाली.

बाहेर लोक ओरडत होते, "उचकी! उचकी!"

मला हसू आवरेना. हसता हसता मलाच लागली. "हिक्!"

चोरी पकडली गेल्यासारखे सगळे छताकडे बघू लागले. धाकटी मात्र खिदळत माझा हात ओढू लागली.

"ताई, तेव्हाही ती उचकी तुझीच होती. चल, माईक घे!"