संध्याचं मत

संध्याला विचारलं तेव्हा तिची आई, चिमणाबाई, हॉलच्या कडेला बसून फरशी पुसत होती. मधे चटईवर सगळे गोल करून बसले होते. घरमालक दिवाकर, त्याची बायको शैला, त्यांची मुलं विहंग आणि मृण्मयी, आणि त्यांच्यात चिमणाबाईची दहा वर्षांची संध्या, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून.

"संध्या, तुला आश्रमशाळेत परत जायचंय का?" दिवाकरने विचारलं. "खरं ते सांग. इथे कुणी रागावत नाही."

संध्याने आईकडे पाहिलं. चिमणाबाईचा हात फडक्यावरच थांबला.

"तिकडे नको बघूस," दिवाकर हसत म्हणाला. "मत तुझं हवं."

"नाय जायचं," संध्या म्हणाली.

दोन्ही मुलांनी टाळ्या वाजवल्या. शैलाच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. आयुष्यात पहिल्यांदा या मुलीला कुणी तिचं मत विचारलं असेल, असं ती नवऱ्याला म्हणाली, आणि ते खरंही होतं.

गंगापूर रोडवरच्या त्या बंगल्यात रोज सकाळी अशी सभा भरे. दिवाकर इंजिनिअर. कंपनीची नोकरी सोडून तो घरूनच कामं करायचा, आणि शैलाने मुलांसाठी शिक्षिकेची नोकरी सोडली होती. शाळा मुलांची वाट लावते, असं दोघांचंही ठाम म्हणणं. त्यामुळे विहंग आठ वर्षांचा आणि मृण्मयी सहाची झाली तरी दोघांनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. २००४ साली नाशकात असं घर शोधूनही दुसरं सापडलं नसतं. मुलांचं मत घेतल्याशिवाय तिथलं पान हलत नसे. पोहे की उपमा यावर हात वर व्हायचे. आंघोळ कधी करायची यावर चर्चा चालायची. मुलं बापाला नावाने हाक मारत, आणि चिमणाबाईने 'साहेब' म्हटलेलं दिवाकरला खपत नसे, 'दादा' म्हणायचं. भांडी आधी घासतेस की कपडे आधी धुतेस, एवढं मात्र तिला अजून कुणी विचारलेलं नव्हतं.

अडचण एकच होती. सुट्टी लागली की शेजारची मुलं मामाकडे जात, आणि ही दोघं घरात एकमेकांचे केस ओढत बसत. अशात संध्या आईकडे सुट्टीला आली. चिमणाबाई आणि तिचा नवरा हिरामण मूळचे हरसूलकडचे. हिरामण बांधकामावर मजूर, आणि साईटवरच्या पत्र्याच्या खोलीत दोघांचा संसार. तिथे दिवसभर पोरीला एकटी कशी ठेवायची, म्हणून चिमणाबाई तिला कामावर घेऊन आली आणि मागच्या ओट्यावर बसवून ठेवू लागली. शैलाने तिला तिथे पाहिलं आणि हाताला धरून आत नेलं.

मग उन्हाळा नुसता उधळला. गच्चीवर कुरडया घातल्या. पत्र्याच्या डब्याला आरसे लावून उन्हावर भात शिजवला, तो कच्चा राहिला तरी सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला. फाटक्या साड्यांचे दोर वळून आंब्याला झोका बांधला. आणि अंगणाच्या कोपऱ्यात तिघांनी मिळून मातीचं घर उभारलं, आत तिघं दाटीवाटीने बसतील एवढं. दाराच्या मातीच्या चौकटीवर तिघांच्या ओल्या पंजांचे ठसे उमटवले. चिमणाबाई आत भांडी घासताना बाहेरून संध्याचं हसू ऐकू यायचं. आपली पोर इतक्या मोठ्याने हसते हे तिला माहीतच नव्हतं.

माहीत असणार कसं? पहिलीपासून पोर आश्रमशाळेत. दिवाळीत आणि मे महिन्यात काय ती घरी यायची. तिथे पातळ वरण, डोक्यात उवा, बोटांच्या बेचक्यांत खरूज. दर जूनला शाळेच्या फाटकाशी ती आईचा पदर घट्ट धरायची आणि चिमणाबाई एकेक बोट सोडवून मागे न बघता एसटीकडे चालू लागायची. म्हणून दिवाकर म्हणाला, "संध्या आमच्या मुलांबरोबर इथेच शिकेल, पुढे दहावीला बाहेरून बसवू," तेव्हा तिला ते खरं वाटलं. खरं वाटावं असं तिला फार वाटत होतं. पोर रोज रात्री कुशीत झोपणार, यापुढे तिला दुसरं काही दिसेना.

दाखला काढायला सगळे दिवाकरच्या मारुतीतून गेले. मुलांसाठी तोही एक उपक्रमच होता. वाटेत डोंगर पाहिले, करवंदं खाल्ली, हरसूलचा बाजार पाहिला. सुट्टी असली तरी मुख्याध्यापक गावातच राहत. त्यांनी दाखल्यावर सही करण्याआधी दिवाकरकडे न बघता चिमणाबाईलाच विचारलं, "बाई, विचार केलाय ना? एकदा नाव कमी झालं की जागा राहत नाही. बाहेर पोरी थांबल्यात."

चिमणाबाईने दादांकडे पाहिलं. दादा हसले. परतताना मृण्मयीने गाडीच्या खिडकीतून ओरडून आश्रमशाळेला टाटा केला, आणि संध्यानेही केला.

मेअखेरीस पंचवटीत शैलाच्या भाचीचं लग्न होतं. तिथे सगळी मावस-मामे भावंडं जमली. कोण कितवीत, कुणाला किती टक्के, कुणाची शाळा मोठी, असं चाललं होतं. विहंगला कुणीतरी आठाचा पाढा विचारला. त्याला तो येईना, आणि मग दोन दिवस पोरांनी त्याला 'बिनशाळेचा' म्हणून भंडावून सोडलं. घरी आल्यावर सभेत तो हमसून हमसून रडला. त्याला शाळेत जायचं होतं. दप्तर हवं होतं, गणवेश हवा होता. विहंगला हवं म्हणून मृण्मयीलाही हवं होतं.

दिवाकर आणि शैला दोन दिवस नीट जेवले नाहीत. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. मुलांचं मत पडलं होतं. ओळखी काढून दोघांना जवळच्याच एका इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. चिमणाबाईला हे कळलं ते गणवेश धुवायला टाकले तेव्हा. नवे कपडे आधी एकदा धुऊन घे, असं शैलाने सांगितलं होतं.

तिने ते धुतले, वाळत घातले आणि हात पुसत दिवाकरसमोर येऊन उभी राहिली.

"दादा, मग आमच्या संध्याचं काय?"

दिवाकरला खरंच वाईट वाटलं. त्याने तिला खुर्चीवर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"चिमणाबाई, आता मुलंच घरी नाहीत म्हटल्यावर आम्ही तरी कुणाबरोबर शिकवणार? शैलाही पुन्हा नोकरीचं बघतेय."

"तुम्हीच म्हनले व्हते, शाळा नको म्हनून."

"मी नाही तसं म्हणालो." तो अगदी शांतपणे म्हणाला. "आम्ही संध्याला विचारलं होतं. तुमच्यासमोर विचारलं. तिचंच मत होतं ते."

माणूस खोटं बोलत नव्हता. दहा वर्षांच्या पोरीने नको म्हटलं होतं. कुठली पोर हो म्हणाली असती?

दुसऱ्या दिवशी खाडा करून ती संध्याला घेऊन एसटीने गेली. पोरीच्या केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. मुख्याध्यापकांनी रागावून घेतलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते मान हलवत राहिले. जागा त्याच आठवड्यात भरली होती. नव्या मुलीचं अंथरूण संध्याच्या कोपऱ्यात पडलंही होतं. पुढच्या वर्षी बघू, तोवर तिकडेच महापालिकेच्या शाळेत घाला, म्हणाले. निघताना संध्या फाटकाशी थांबली. या वेळी तिने पदर धरला नव्हता, गज धरले होते, आणि चिमणाबाईला पुन्हा एकेक बोट सोडवावं लागलं.

महापालिकेच्या शाळेचं नाव काढताच हिरामणने ताट सरकवलं. "ती शाळा पोरीला खायाला घालीत व्हती, म्हनून पोर शिकत व्हती," तो म्हणाला. "आता आपुन घालायचं, तर तिनं कामाला जायचं. तूच दाखला आनलास ना?"

तिनेच आणला होता. त्या रात्री पोर कुशीत झोपली आणि चिमणाबाई टक्क जागी राहिली.

शैलाने संध्याला कामावर ठेवायची तयारी लगेच दाखवली. नाहीतरी दोन डबे, दोन गणवेश, बूट, असं काम वाढलंच होतं. वेळ मिळेल तसं तुला वाचायलाही देईन, असं ती म्हणाली. पण तिलाही नोकरी लागली, आणि वेळ काही मिळाला नाही. सकाळी शाळेची व्हॅन हॉर्न वाजवायची तेव्हा संध्या विहंगच्या बुटांची नाडी बांधत असे. तो आता तिच्याशी फारसं बोलत नसे. शाळेत त्याला नवे मित्र मिळाले होते.

सभा आता फक्त रविवारी भरायची. अशाच एका रविवारी विषय निघाला तो मातीच्या घराचा. पावसाने त्याची एक भिंत बसली होती, आत पाणी साचून डास होत होते. विहंगला त्या जागी सायकल ठेवायची होती. मृण्मयीलाही चालणार होतं.

"थांबा," दिवाकर म्हणाला. "ते घर तिघांनी बांधलंय. संध्याला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही." आणि त्याने तिला हाक मारली.

संध्या मोरीतून आली. कोपरापर्यंत राखेचे हात, भांडी अर्धी घासायची राहिलेली. तिच्यामागे दारात चिमणाबाई येऊन उभी राहिली.

"बस ना," शैला म्हणाली. पण चटई नवी होती आणि हात ओले होते. संध्या उभीच राहिली.

"तुला काय वाटतं, संध्या? घर ठेवायचं की पाडायचं? मोकळेपणाने सांग."

संध्याने आईकडे पाहिलं नाही. खिडकीतून दिसणाऱ्या त्या चौकटीकडेही पाहिलं नाही.

"तुम्ही म्हनाल ते," ती म्हणाली.

"म्हणजे सगळ्यांचं एकमत," दिवाकर खूश होऊन म्हणाला, आणि विहंगने टाळी वाजवली.

दुपारी मायलेकींनी घर पाडलं. ठशांसकट चौकट सुटून आली तेव्हा चिमणाबाई ती हातात धरून जराशी रेंगाळली. मग संध्याने फावड्याने तिचे तुकडे केले, पाटीत भरले आणि पाटी आईच्या डोक्यावर दिली.