शालिनीचे एकवीस दिवस

‘वहिनी, या टोपीत तुम्ही ओळखूच येत नाही हं,’ शिवानी फोटोसमोर उभी राहून म्हणाली.

विनिता तळलेल्या सुरमईचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून येत होती. ती दारातच थांबली. सोफ्याच्या वर तो फोटो होता. निळंशार तळं, पलीकडे बर्फाचे डोंगर, अलीकडे पांढरी कॅम्पर व्हॅन आणि व्हॅनपुढे कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी असलेली दोघं. जाड जॅकेटं, कानांवरून ओढलेल्या लोकरी टोप्या. त्यातला उंच तो चंद्रहास, विनिताचा नवरा. शेजारी शालिनी, त्याची पहिली बायको. न्यूझीलंडहून परतल्यावर सात महिन्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊन ती एका दुपारी गेली.

शिवानीला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिचा नवरा कुशल दोनच महिन्यांपूर्वी जामनगरहून इकडे आखातात, फुजैराच्या ऑइल टर्मिनलवर, चंद्रहासच्या हाताखाली आला होता. डिसेंबरात दोघं न्यूझीलंडला जाणार होती आणि तीही कॅम्पर व्हॅनच घेणार होती. ‘शनिवारी जेवायलाच या, सगळं डिटेलमध्ये सांगतो,’ असं म्हणून चंद्रहासनेच त्यांना बोलावलं होतं.

‘ती मी नव्हे,’ एवढंच म्हणायचं होतं. लग्नानंतरच्या तीन वर्षांत विनिताने ते कितीतरी जणांना सांगितलं होतं. त्यानंतर पाहुण्यांचे चेहरे कसे होतात हेही तिला पाठ होतं. आधी ‘ओह, सॉरी’. मग आवाज खाली. मग फोटोतल्या पाठीवरून नजर हळूच विनितावर यायची आणि मापं काढून परत जायची.

‘थंडीच तेवढी होती,’ विनिता म्हणाली आणि तिने ताट टेबलावर ठेवलं.

चंद्रहास सोलकढी ओतत होता. त्याचा हात क्षणभर थांबला. मग त्याने उरलेला पेला भरला.

विनिता मूळची मिरजेची. तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीस वर्षं नोकरी केली, आईचं आजारपण काढलं, आणि आई गेल्यावर त्रेचाळिसाव्या वर्षी, मावसबहिणीच्या ओळखीतून, चंद्रहास केळुसकरांशी लग्न करून इकडे आली. इथेही एका क्लिनिकमध्ये सकाळी सात ते तीन लोकांची रक्तं काढायची. हात हलका म्हणून पेशंट तिलाच मागत. चंद्रहास माणूस चांगला होता. वेळेवर घरी यायचा, भाजीला नावं ठेवायचा नाही, तिला कधी एका शब्दाने दुखवायचा नाही. पण घरात पाहुणा आला की तास-दीड तासात तो न्यूझीलंडच्या त्या एकवीस दिवसांच्या सहलीवर पोचायचा. शालिनीने भाड्याची हायएस व्हॅन कशी चालवली, सवय इकडची असल्यामुळे वळताना सिग्नलऐवजी दर वेळी वायपर कसे लागायचे. टेकापोचं तळं. हिमनदीच्या पाण्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे, बसच्या आकाराचे. पश्चिम किनाऱ्यावरच्या चावऱ्या माश्या. व्हॅनमधल्या इवल्याशा शेगडीवर शालिनीने केलेलं पिठलं. सांगताना त्याचा आवाज बदलायचा. विनिता पोळ्या वाढत ऐकायची. ‘आम्ही दोघं’ म्हणताना तो एकदाही अडखळत नाही, हे तिच्या पहिल्या महिन्यातच लक्षात आलं होतं.

एकदा तिने म्हटलंही होतं, ‘आपण जाऊ या ना कुठेतरी. तसंच, गाडीत राहायचं.’ तो ‘बघू, इन्शाल्ला,’ म्हणाला. पुढच्या महिन्यात हत्ताला नेलं. धरणाचं हिरवं पाणी होतं, बोटी होत्या, डोंगरही होते. विनिता हौसेने काठावर बसली. चंद्रहास म्हणाला, ‘छानच आहे. पण तिथला पाण्याचा रंग काही वेगळाच.’ परतताना ती एक शब्द बोलली नाही, आणि का बोलत नाही हे त्याने विचारलं नाही. त्या आठवड्यात तिने ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. रोड टेस्टला दोनदा नापास झाली आणि खलास. अजूनही क्लिनिकची व्हॅन तिला न्यायला येते.

‘बाथरूमचं कसं करायचं, वहिनी?’ शिवानीने पानावर बसताच विचारलं. ‘मला तीच धास्ती आहे. कुशल म्हणतो, सगळं मॅनेज होतं.’

‘कॅम्पसाइटवर असतात की. गरम पाणी असतं, पण नाणं टाकायचं, पाच-सहा मिनिटांत बंद. डोकं आधी धुवायचं.’

‘बघ, हे प्रॅक्टिकल नॉलेज,’ कुशल म्हणाला. ‘सर फक्त सीनरी सांगतात.’

सगळे हसले. चंद्रहासही थोडं हसला. विनिताला वाटलं, आता तो सांगेल. हलकेच, कुणाला अवघड न वाटता. तो माशाचे काटे काढत राहिला. आणि तो बोलत नाही म्हणून ती पुढे गेली. चावऱ्या माश्यांवर कुठलं मलम लावायचं ते सांगितलं. टेकापोला दगडी चर्च आहे, पहाटे जा, नंतर बसेस येतात, हे सांगितलं. एकेक गोष्ट तिच्या तोंडून इतकी सहज बाहेर येत होती की तिचं तिलाच नवल वाटलं. शिवानी मोबाइलवर टिपून घेत होती. आजवर या घरात विनिताचं बोलणं कुणी टिपून घेतलं नव्हतं.

‘आणि ड्रायव्हिंग? त्या घाटात भीती नाही वाटली?’

‘घाटात मीच चालवली,’ विनिता म्हणाली. ‘यांना उंचीवर गरगरतं.’

‘अरे वा, सर,’ कुशल म्हणाला.

‘तळ्यात पायसुद्धा बुडवले होते मी. सुया टोचाव्यात तसं पाणी. पण बुडवले.’

हे मात्र तिने कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. चंद्रहासने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. अनोळखी माणसाने लिफ्टमध्ये आपलं नाव घ्यावं तसं काहीतरी होतं.

चार वाजता पाहुणे गेले. दार लावून विनिता तिथेच उभी राहिली. आता तो बोलेल, ओरडेल, निदान ताट तरी आपटेल, याची तिने वाट पाहिली. त्याने खरकटी ताटं एकावर एक रचली, सिंकमध्ये नेऊन ठेवली आणि फडक्याने टेबल पुसलं.

‘त्यांना उगाच ऑकवर्ड झालं असतं,’ ती म्हणाली. ‘जेवायच्या वेळी.’

‘हं. बरोबर आहे,’ चंद्रहास म्हणाला. फडकं पिळून त्याने नळावर वाळत घातलं. थोड्या वेळाने म्हणाला, ‘पाय नव्हते बुडवले तिने. तिला सर्दी होती.’

त्यानंतर त्याने ती सहल कुणालाच सांगितली नाही. दिवाळीत त्याचे दोन मित्र दुबईहून आले. त्यातल्या एकाने ‘चंदू, ते बर्फातल्या बोटीचं सांग यांना,’ म्हणून विषय काढला. ‘अरे, झाली त्याला बरीच वर्षं. घे, चकली घे,’ म्हणून चंद्रहासने डबा पुढे केला. एका सोमवारी विनिता क्लिनिकमधून आली तर सोफ्याच्या वरची भिंत मोकळी होती. खिळा तेवढा होता. फोटो कपाटात, त्याच्या कोटांच्या मागे, पंच्यात गुंडाळून ठेवलेला तिला सापडला.

तिला बरं वाटलं. हे तिने स्वतःपाशी कबूल केलं. दोन दिवस तर ती गुणगुणत होती. तिने अजमानहून एक चित्र आणलं, कमळांचं, आणि त्याच खिळ्याला लावलं. चंद्रहास ‘छान आहे’ म्हणाला.

पण मग संध्याकाळी बोलायला काही उरेना. टर्मिनलवर कुठलं जहाज लागलं, क्लिनिकमध्ये कोण चक्कर येऊन पडलं, एवढं दहा मिनिटांत संपायचं. पुढे तो बाल्कनीत जाऊन नांगरलेली जहाजं बघत बसायचा. पूर्वी तो परक्यांना सांगायचा तेव्हा निदान तिच्या कानांवर पडायचं. तिच्या लक्षात आलं, आपण या माणसाला ओळखतो ते त्या एकवीस दिवसांपुरतंच. बाकीचा त्याने दाखवलाच नव्हता. आणि आता तेही दार लागलं होतं. तिकडे आत शालिनी होतीच. बाहेर विनिता होती.

फेब्रुवारीत पर्णिका आली. चंद्रहास आणि शालिनीची एकुलती मुलगी, अबूधाबीत खलिफा सिटीत राहायची, तिथे एका शाळेत शिकवायची. विनिताला ती मावशी म्हणायची. दोघींचं वाईट नव्हतं, पण फारसं जवळचंही नव्हतं. शनिवारी सकाळी ती येऊन टेबलाशी बसली. विनिता मेथी निवडत होती. बाल्कनीचं दार उघडं होतं आणि बाहेर चंद्रहास पेपर वाचत होता.

‘मावशी, मला शिवानी भेटली होती. हळदीकुंकवाला, दुबईत.’ पर्णिकाचा आवाज बेतून ठेवल्यासारखा होता. ‘ती म्हणाली, तुझ्या आईच्या टिप्स फार यूजफुल झाल्या. मी म्हटलं, आई? तर म्हणे, हो ना, घाटातून व्हॅन त्यांनी चालवली. आय थॉट शी वॉज कन्फ्यूज्ड.’

विनिताने हातातली जुडी खाली ठेवली. ‘ती कन्फ्यूज नव्हती. मी तसं सांगितलं.’

‘म्हणजे? चुकून?’

‘नाही. चुकून नाही.’

बाहेर पेपरचं पान उलटलं नाही.

‘दॅट वॉज हर्स,’ पर्णिका म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि ते विनिताला दिसू नयेत म्हणून ती मेथीकडे बघत होती. ‘मी कॉलेजला होते तेव्हा. त्या ट्रिपचं आईने मला धड सांगितलंसुद्धा नाही, नंतर निवांत सांगू म्हणाली. मला जे माहीत आहे ते बाबांकडूनच. आणि आता बाबा बोलत नाहीत. मी फोनवर विचारलं, तो फोटो कुठल्या तळ्याचा, मला माझ्या घरी लावायचाय. तर म्हणाले, आठवत नाही. हाऊ कॅन ही नॉट रिमेंबर?’

‘आठवतंय त्यांना.’

‘मग?’

‘माझ्यामुळे बोलत नाहीत.’ पुढचं वाक्य विनिताने कधी कुणापुढे, मावसबहिणीपुढेही उच्चारलं नव्हतं. ‘मला फार हेवा वाटायचा, पर्णिका. अजून वाटतो. जिवंत बाईचा वाटला असता तर भांडता आलं असतं.’

पर्णिका उठून गेली नाही. तिने मेथीची एक जुडी आपल्याकडे ओढली आणि मुळं तोडायला लागली.

‘पुकाकी,’ विनिता म्हणाली. ‘तळ्याचं नाव. टेकापो नव्हे, त्याच्या पुढचं. तुझी आई आणि बाबा तिथे चौथ्या दिवशी पोचले. एका चिनी मुलीने फोटो काढला. तुझ्या आईने टोपी आदल्या दिवशी घेतली होती, राखाडी, कारण घरून आणलेली कॅम्पसाइटवर विसरली. घाट तिनेच चालवला. बाबांना उंचीवर गरगरतं, हे खरं आहे.’

ती सांगत गेली. क्रमाने, दिवस न चुकवता. दर वाक्यात ‘तुझी आई’ म्हणताना जीभ जड व्हायची, पण तिने ते गाळलं नाही. पिठल्याचं सांगितलं, माश्यांचं सांगितलं. पाय बुडवल्याचं सांगितलं नाही. पर्णिका मधूनच काही विचारायची. ‘शी ड्रोव्ह ऑल द वे?’ असं काहीतरी. विनिता सांगायची.

‘पाचव्या दिवशी हिमनदीच्या पायथ्याशी,’ ती म्हणाली, ‘तिथून बोटीने...’

‘सहाव्या,’ चंद्रहास बाल्कनीतून म्हणाला.

तो पेपर घडी करत आत आला. खुर्ची ओढली, पण बसला नाही, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला.

‘पाचवा दिवस फुकट गेला. ते मी कुणाला सांगत नाही.’ तो पर्णिकाकडे बघत होता. ‘तुझ्या आईने व्हॅन रस्त्याकडेच्या ओल्या खडीत घातली. चाकं रुतली. मी म्हणत होतो तिथे नको, आणि तिने तिथेच घातली. मी ओरडलो तिच्यावर. खूप वाईट ओरडलो. समोर एवढा बर्फाचा डोंगर, आणि मी हातवारे करून ओरडतोय. ती खाली उतरली आणि चालायला लागली. मागे वळून बघेना.’

पर्णिका ओल्या डोळ्यांनी हसली. ‘आई तशीच होती.’

विनिता त्याच्याकडे बघत राहिली. तीन वर्षांत तिने या माणसाचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. ती नापास झाली तेव्हा नाही, हत्ताहून परतताना नाही, ती दुसऱ्याच बाईची सहल अंगावर घालून पाहुण्यांपुढे बसली त्या दुपारीही नाही. तिच्या वाट्याला त्याचं मुकाट्याने फडकं पिळून वाळत घालणं आलं होतं. तळी, डोंगर, हिमनदी, यांच्यापैकी कशानेही कधी दुखलं नव्हतं इतकं तिला आत्ता आत दुखलं. ओल्या खडीतून पाय आपटत जाणारी ती बाई तिला स्पष्ट दिसली. पाठमोरी. आणि तिच्यामागून हाका मारत धावणारा चंद्रहास.

तिने निवडलेल्या मेथीची चाळण पुढे ओढली. त्यातली एक पिवळी काडी राहून गेली होती, ती काढून टाकली. चंद्रहास अजून उभाच होता, पुढे सांगू की नको अशा चेहऱ्याने, आणि या खेपेला तो पर्णिकाकडे नव्हे, तिच्याकडे बघत होता.

‘बसा ना,’ विनिता म्हणाली. ‘मग? किती लांब गेली ती?’