सावल्यांची रांग

कोल्हापुरात जो माणूस फुटबॉल खेळून जितकं कमावतो, तितकी त्याची सावली लांब होते. त्यामुळे कुठल्या कॉलेजने जास्त कमावते खेळाडू घडवले, याचा निकाल दर चैत्रात मैदानावरच लागतो. माजी खेळाडू आपापली सावली काढून गवतावर रांगेत अंथरतात. उन्हाची फुकटची भर नको, म्हणून भर दुपारी.

यंदा दोन्ही रांगा तंतोतंत सारख्या भरल्या. टेकडीवरच्या कॉलेजची अर्धी रांग गोव्याच्या क्लबात खेळणाऱ्या एकट्या पोराने व्यापली होती. तळ्याकाठच्या कॉलेजकडे एवढा लांबलचक कुणी नव्हता, पण माणसं पुष्कळ.

मृणाल कडेला छत्री घेऊन उभी होती. तिचे आबा, शामराव, तळ्याकाठच्यांचे जुने गोलकीपर. त्यांना जाऊन महिना झाला होता, पण सावली घरीच राहिली होती. मृणाल ती घडी घालून पिशवीत ठेवी आणि जाईल तिथे सोबत नेई.

"आबा हायत न्हवं पिशवीत?" सासनेकाकांनी विचारलं. ते आबांचे कॅप्टन.

"आहेत. पण काका, तुमच्या सावल्या संध्याकाळी तुमच्याबरोबर उठून घरी जातील. आबांची कोण उठवणार?"

टेकडीवाल्यांचे जमीरभाई हसले. "शामरावाची सावली ती. गिरणीच्या संघात एक हंगाम खेळला, पगार काय, तर बूट आणि दुपारचं जेवण. हातरुमालाएवढी जरी भरली तरी पेढे माझ्याकडनं."

"आपल्याला हातरुमालच कमी पडतोय," काका म्हणाले.

मृणालने घडी उलगडली. खरंच हातरुमालाएवढी होती. रांगेच्या टोकाला ठेवून तिने सुरकुत्या हाताने सारख्या केल्या.

सावली उठली. अंगावरचं गवत झटकून थेट गोलपोस्टकडे गेली. आबा प्रत्येक सामन्याआधी करत तसं ती डाव्या खांबाला शिवली, उजव्याला शिवली, मग वरच्या दांड्यासाठी तिने उडी मारली. ती गुडघ्याएवढीही गेली नाही. सगळे हसले. मृणालही हसली, महिन्यात पहिल्यांदा.

"रांगेत नसंल तर धरणार न्हाई हं," जमीरभाई म्हणाले.

"पोरी, बोलव त्याला," काका म्हणाले.

"आबा, या आता."

सावलीने टाळी वाजवली आणि गुडघ्यांत वाकून उभी राहिली. मृणालला हे ठाऊक होतं. अंगणातही ते असेच. तिने एक गोल मारल्याशिवाय जेवायला येत नसत.

जमीरभाईंनी स्वतःच चेंडू तिच्याकडे ढकलला. "मार. आम्हालाबी घरी जायचंय."

मृणालने छत्री मिटली, चपला काढल्या, पदर खोचला आणि चेंडू उजव्या कोपऱ्यात मारला.

सावली झेपावली. झेपावता झेपावता लांब होत गेली, खांबाबाहेर, दोन्ही रांगांच्या पुढे, थेट तळ्यापर्यंत. तळ्याचं पाणी काळंशार झालं, आणि चेंडू अजून हवेतच होता.