भोक नसलेली बोट

बाबा गेल्यानंतर भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरली, त्या दिवशी आई जेवणाच्या टेबलाशी असलेली बाबांची खुर्ची घेऊन अंगणातल्या बोटीत चढली. शिडीवरून तिने ती खुर्ची एकटीने कशी नेली, हे कोणी पाहिलं नाही. मुलगी कपडे वाळत घालायला बाहेर आली, तेव्हा आई तिच्या डोक्याच्या उंचीवर, चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या बोटीच्या मागच्या टोकाला, स्वेटरच्या गुंड्या लावून बसलेली होती.

"आई, वर काय करतेस?"

"बसलेय."

"ते दिसतंय. खाली ये, चहा टाकलाय."

"इकडेच दे. ही पाण्यात गेल्याशिवाय मी उतरायची नाही."

ही म्हणजे बोट. इतकी वर्षं आई तिला सवत म्हणत आली होती. बाबांनी ती कुणाकडून तरी जुनी म्हणून घेतली, अंगणात आणून ठेवली, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की तिची पाठ कुजलेली आहे. पाठ म्हणजे बोटीचा मागचा सपाट भाग, ज्याच्यावर इंजिन टांगतात. बाबा त्याला ट्रान्सम म्हणायचे. वरून फायबरग्लासचं गुळगुळीत कवच, आत प्लायवूडचा गाभा, आणि गाभ्यात पाणी मुरलेलं. दर वर्षी उन्हाळा आला की बाबा म्हणायचे, "यंदा ट्रान्सम करतो, डेक करतो, आणि तुला फिरवून आणतो." दर वर्षी आई म्हणायची, "आधी गळका नळ करा." नळ झाला, गच्ची झाली, मुलीचं शिक्षण झालं, तिला लांब नोकरी लागली. ट्रान्सम राहिला.

"ह्यांनी कबूल केलं होतं," आई वरून म्हणाली. "मला फसवून जायचं काम नाही."

मुलीने दोन दिवस समजूत घातली, एक दिवस अबोला धरला, आणि मग मामाला फोन केला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, निवृत्त दाताचा डॉक्टर. दवाखाना बंद करून चार वर्षं झाली, तरी समोरचा माणूस हसला की त्याची नजर आधी दाढांकडे जायची. तो आला, बोटीभोवती फिरला, बोटाच्या पेराने ट्रान्समवर टकटक करत कान लावून ऐकत राहिला. एका जागी आवाज बद्द आला.

"कीड लागलीय," तो म्हणाला. "पार मुळापर्यंत. दुखत होतं का?"

"मामा!"

"अगं, सोपं आहे. आतून उघडायचं, किडलेलं कोरून काढायचं, वाळवायचं, भरायचं, वर टोपी. जन्मभर दुसरं काय केलं मी?" मग त्याने मान वर केली. "ताई, तू खाली उतरलीस तर आम्हाला जरा बरं पडेल."

"तू तुझं तोंड बघ आणि काम कर."

"मी नेहमी दुसऱ्याचंच तोंड बघितलं, ताई."

आईला हसू आलं. ते तिने खोकल्यात घालवलं. पण खोकला खराच होता, आणि हवेत दिवसेंदिवस गारठा वाढत होता. आई झोपायचीही बोटीतच, ताडपत्रीखाली दोन गाद्या टाकून. दिवसातून दोन-तीनदा ती शिडीने खाली यायची, पाहुणीसारखी घरात जायची, अंघोळ वगैरे उरकायची आणि कुठेही न टेकता परत वर जायची. "हे उतरणं धरायचं नाही," तिने बजावलं होतं. मुलीच्या रजेला अंत होता. आईला अशी अधांतरी सोडून तिला जाता येईना, आणि आई घरात यायला तयार नव्हती. वडील गेले होतेच. आता आईही घरात नव्हती. संध्याकाळी मुलगी टेबलाशी एकटी जेवायची आणि खिडकीतून बोटीत जेवणाऱ्या आईचा हात वर-खाली होताना बघायची.

तेव्हा आई उतरत नाही म्हटल्यावर, आईसकटच काम सुरू झालं.

आधी डेक. आई मागे बसली, त्यांनी पुढचा अर्धा डेक कापून काढला, खालच्या कुजलेल्या पट्ट्या बदलल्या, नव्या फळ्या बसवल्या, त्यांच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरून तिला चिकट रेझिन पाजलं. वाळल्यावर आई खुर्चीसकट पुढे आली आणि मागचा अर्धा डेक निघाला. टपालवाला पत्र द्यायला शिडी चढायचा. आईचे नेहमीचे डॉक्टर आले, तेही चढले, आईची छाती तपासून खाली उतरले आणि मुलीला म्हणाले, "औषध देतो, पण खरं औषध म्हणजे छप्पर." मग जाता जाता बोटीकडे बघून म्हणाले, "इंजिन किती घोड्यांचं लावणार?"

आई वरून लक्ष ठेवून असायची. "डॉक्टर, तो कोपरा राहिला," ती भावाला सांगायची. किंवा मुलीला, "अगं, ब्रश असा फिरवतात होय? तुझ्या बाबांवर गेलीस." असं काही बोलून झालं की ती चष्म्याचं घर उघडायची, आत बघायची आणि खट्कन मिटायची. चष्मा तर कायम नाकावर असायचा. मुलीला वाटलं, वय झालंय.

मग ट्रान्सम. आतलं कवच कापल्यावर गाभा दिसला. तो चहात राहिलेल्या बिस्किटासारखा झाला होता. मुलीने तो हाताने, उलथन्याने, शेवटी जुन्या चमच्याने उकरून काढला. मग ग्राइंडर चालवला. फायबरची धूळ मानेत, मनगटात, कानामागे शिरायची आणि रात्रभर खाजायची. गॉगलच्या आत तिच्या डोळ्यांना पाणी यायचं.

"धूळ," ती म्हणायची.

"गॉगलमधून धूळ आत जात नाही," मामा म्हणाला, आणि मग बोलल्याचा पश्चात्ताप होऊन त्याने स्वतःचा गॉगल काढून तिला दिला. "हा घट्ट बसतो. घे."

नवीन प्लायवूडच्या दोन जाड फळ्या रेझिनने एकमेकींना चिकटवून, जुन्या कवचाला टेकवून, शिकंजे आवळून ठेवल्या. त्यावर मॅटचे थर. मामा रंगात आला होता. जुन्या इंजिनाच्या बोल्टांची भोकं होती, ती त्याने भरली. शिडीची कडी निघाली होती, तिची भोकं भरली. अगदी खाली, मधोमध, अंगठ्याएवढं एक भोक होतं, तेही भरलं आणि वरून असं घासलं की शोधून सापडू नये.

"भोक दिसलं की माझा हात शिवशिवतो," तो म्हणाला.

आई आपल्या जागेवर, म्हणजे ट्रान्समला पाठ लावून, परत बसली तेव्हा नव्या डेकवर खुर्ची डुगडुगायला लागली.

"एवढं शिकलास, आणि साधी खुर्ची टेकत नाही."

"तात्पुरतं काहीतरी करतो, ताई. हलू नकोस." मामाने रेझिनमध्ये भुकटी कालवून लगदा केला आणि खुर्चीच्या चारही पायांखाली थोडा थोडा भरला. मग थोडा बाजूने. मग देखणं दिसावं म्हणून आणखी थोडा. रेझिन घट्ट करणारं हार्डनर त्याने दवाखान्याच्या सवयीने घातलं, पेशंट तोंड उघडं ठेवून बसलेला असताना घालतात तसं, सढळ हाताने. चहा पिऊन होईपर्यंत खुर्चीचे पाय दगडात रोवल्यासारखे झाले होते.

मुलीने खुर्ची ओढून पाहिली. सगळी बोट हलली.

"मामा, ही बाबांची खुर्ची आहे. टेबलाची आहे."

मामा कपात बघत राहिला. "करवतीने पाय कापता येतील," तो हळूच म्हणाला.

"ह्यांचे पाय कापणार?" आई म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

पाण्यात जायच्या दिवशी गॅरेजवाला जीप घेऊन आला. बाबांचं जुनं इंजिन त्यानेच दुरुस्त करून नव्या ट्रान्समला टांगलं होतं. त्याने गाडा जीपला जोडला, वर बघितलं आणि विचारलं, "मावशी पुढे बसणार ना?"

"मावशी जिथे आहे तिथे बसणार," आई म्हणाली.

सिग्नलला बाजूच्या बसमधले लोक आणि आई एकाच उंचीवर आले. एका बाईने काच खाली करून विचारलं, "कुठे निघालात?"

"फिरायला," आई म्हणाली. "मिस्टरांनी सांगितलं होतं."

तलावाच्या काठाला पाण्यात उतरणारा सिमेंटचा उतार होता. गॅरेजवाल्याने जीप उलटी घेतली, चाकं पाण्यापासून हातभर अंतरावर आणली. मामाने फुगीर जॅकेट चढवलं. मुलगी म्हणाली, "सोडू?"

"थांब," आई म्हणाली. तिने चष्म्याचं घर उघडलं. आतून एक रबरी बूच काढलं, पितळी खटक्याचं, काळंभोर, लकाकणारं. "हे आधी लावा."

"हे काय?"

"बूच. बोट आणली तेव्हा ह्यांनी काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, अंगणात पावसाचं पाणी साठू नये म्हणून भोक उघडं ठेवतो. पाण्यात नेताना लावायचं. हे तेवढं तू सांभाळ, बाकी सगळं मी बघतो." आईने बूच अंगठ्याने चोळलं. "रबर तडकतं. दर महिन्याला ग्लिसरीन लावत आले मी."

मुलीने मामाकडे पाहिलं. मामा जॅकेटमध्ये जरा खाली गेला.

"ताई," तो म्हणाला, "ते भोक मी भरलं."

गॅरेजवाल्याने वाकून ट्रान्समवरून बोट फिरवलं. तो म्हणाला, "मग उलट बरंच झालं की मावशी. भोकच नाही, तर पाणी यायचा प्रश्नच नाही."

"मग मी हे कशाला सांभाळलं?" आईने विचारलं.

तिचा आवाज चढला नव्हता. ती खरोखरच विचारत होती. एकेकाच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. मुलीला एकदम दिसलं की आई आता हे बूच हातात घेऊन, पाण्यात असो की जमिनीवर, या खुर्चीत जन्मभर बसून राहील.

"मामा, ड्रिल आणलंय?"

मामाच्या पिशवीत ड्रिल नाही असं कधी झालं नव्हतं.

उतारावर त्यांच्यामागे एक मासे धरणारा आपली होडी घेऊन थांबला होता. त्याने वाकून विचारलं, "काय अडलंय?"

"भोक नाही," गॅरेजवाला म्हणाला.

"कशाला?"

"बोटीला."

"मग?"

"पाडतायत."

त्या माणसाने थोडा विचार केला आणि आपली होडी दहा पावलं लांब नेली.

मामाने वाकून बुचाचं माप घेतलं, चष्मा कपाळावर सारला, आणि इतक्या मेहनतीने बुजवलेल्या धडधाकट ट्रान्सममध्ये, अगदी खाली, मधोमध, गोल भोक पाडलं. कोवळ्या प्लायवूडचा वास आला. उघड्या लाकडात पाणी मुरू नये म्हणून भोकाच्या आतल्या कडांना रेझिन लावलं. मग ते भोक वाळेपर्यंत सगळे तलावाकाठी बसून राहिले. मासे धरणाऱ्याने येऊन मध्येच विचारलं, "झालं का?" मामाने करंगळी घालून बघितलं आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणाला, "अजून पाच मिनिटं. काही खाऊ नका."

वाळल्यावर मुलीने हात वर केला. "दे आई, लावते."

"तुला नाही जमणार."

"मग मामा..."

"त्याच्या हातात तर मुळीच नाही." आई उठली. "मला खाली घ्या. हे बाहेरून लावायचं असतं."

शिडी घरीच राहिली होती. गॅरेजवाल्याने जीपचं जादा टायर आडवं ठेवलं, मामाने खांदा दिला, मुलीने कंबर धरली. आईचे पाय उतारावरच्या ओल्या सिमेंटला लागले. तिचा तोल जरा गेला, तेवढा वेळ तिने मुलीचा दंड धरला, आणि तोल सावरल्यावरही सोडला नाही.

मुलीने विचारलं, "हे उतरणं धरायचं?"

आईने बोटीची नवी पाठ बाहेरून पहिल्यांदाच पाहिली. पांढरी, सरळ, कुठे सुरकुती नाही. तिने त्यावर तळहात फिरवला.

"धर," ती म्हणाली.

मग ती वाकली, बूच भोकात सारलं, खटका दाबला. खट् असा आवाज आला. चष्म्याच्या घरासारखाच.

बोट तरंगली. आई गुडघाभर पाण्यातून आत चढली आणि खुर्चीत बसली. मुलीने इंजिन सुरू केलं. मामा पुढच्या टोकाला दोन्ही कडा धरून, डोळे मिटून बसला होता. तलावाला एक संथ वळसा पडला. पलीकडची झाडं जवळ आली आणि मागे गेली. डेक कोरडा होता.

काठ परत दिसायला लागला तेव्हा आई म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी इतकी वर्षं?" तिचा चेहरा आधी हसण्यासारखा झाला. मग ते हसणं वाटेत कुठेतरी वळलं, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुलीने इंजिनचा आवाज जरा वाढवला. मामाने डोळे मिटलेलेच ठेवले.

काही वेळाने आईने डोळे पुसले. "ही फेरी माझी झाली," ती म्हणाली. "आता ह्यांची एक मार."

ती खुर्चीतून उठून बाजूला उभी राहिली, खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून.

"ताई, बोटीत उभं राहू नये!" मामा ओरडला.

"खुर्ची पक्की आहे," आई म्हणाली. "तूच केलीस."

दुसरा वळसा तसाच पडला.

परत जाताना आई जीपमध्ये पुढे बसली. खुर्चीत पाठ अवघडते, म्हणाली. बूच तिने स्वतः काढलं, पुसलं आणि घरात ठेवलं, चष्म्याच्या.

संध्याकाळी दोघी टेबलाशी जेवायला बसल्या. खिडकीसमोरची जागा रिकामी होती. मुलगी म्हणाली, "एक खुर्ची आणू या का, तशीच?"

आईने टेबलाखाली बघितलं, चपला काढल्या आणि पाय लांब केले.

"नको," ती म्हणाली. "पाय पसरायला जागा झाली. भात वाढ."