यादीतलं शेवटचं नाव

टप्प करून डब्याचं झाकण उघडलं आणि इतका वेळ गप्प असलेलं स्वयंपाकघर जागं झालं. सासूबाईंनी कोपरापर्यंत पिठात हात घालून नोटांची प्लॅस्टिकची पिशवी काढली, झटकली आणि सुनेपुढे ठेवली.

"घे बाई. तुझ्या साहेबाचं समाधान होऊ दे एकदाचं."

सून बँकेत कॅशियर. मध्यवर्ती बँकेचं डिजिटल चलन आल्यापासून तिच्या डोक्याला ताप झाला होता. महिनाअखेरपर्यंत पंचवीस जणांना त्याचं पाकीट फोनवर उघडून द्यायचं, नाहीतर लांबच्या शाखेत बदली. मग पाच वर्षांच्या लेकीला शाळेतून आणायचं कोणी? चोवीस नावं झाली होती, आणि तेच ते बोलून जीभ झिजली होती. ही नोटच आहे, फक्त कागद नाही. फाटत नाही, भिजत नाही, बँक बुडाली तरी बुडत नाही. यातलं काही खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त वैताग येई.

"कोणाला कळणार नाही ना?" सासूबाईंनी चौथ्यांदा विचारलं.

"नाही हो आई. तुमचं पाकीट, तुमचा पिन."

पिशवी मावशींसाठी होती, सासूबाईंच्या धाकट्या बहिणीसाठी. घराच्या वाटणीवरून सासूबाईंच्या मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, मावशीशी बोलणं टाकलं, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरखर्चातून वाचवलेलं गुपचूप तिकडे जाई. सुनेला ठाऊक होतं. तिने कधी विचारलं नव्हतं.

तिने सासूबाईंच्या फोनवर पाकीट उघडून दिलं, नोटा पर्समध्ये टाकल्या आणि आपल्या फोनवरून तेवढी रक्कम सासूबाईंच्या पाकिटात पाठवली. सासूबाईंनी एका बोटाने, जीभ दाताखाली धरून, ती लगेच मावशींच्या पाकिटात पाठवूनही टाकली.

"एवढंच? बसचा धक्का नाही, काही नाही. बरंय की गं तुझं हे."

बाहेरच्या खोलीत मुलाच्या फोनवर मेसेज वाजला.

आधी खात्याला मोबाइल नंबर कोणाचा जोडलाय ते बघा, असं चोवीस जणांना बजावणारी सून घरातच बघायला विसरली होती. सासूबाईंचं खातं मुलाने उघडून दिलं होतं. नंबर त्याचा होता, म्हणजे पाकिटाचे मेसेजही त्यालाच जाणार.

तो दारात आला. "मावशीला?" फोनवरून मान वर न काढता तो म्हणाला. "दर महिन्याला चालतं हे?"

"अहो, ते मी..." सुनेने सुरुवात केली.

"नाही, चांगलंय हे तुमचं. घरखर्चही आता आईला यावरच पाठवत जाईन. कुठे जातात ते कळेल तरी." आणि तो गेला.

यादीत पंचविसावं नाव चढलं. सासूबाईंनी रिकामी पिशवी धुतली, उलटी केली आणि नेहमीसारखी नळावर वाळत घातली.

लेक दाराआडून सगळं बघत होती. तिने आईचा पदर ओढला.

"आई, मग आता आजीने कुठे लपवायचं?"