टेलरबाईंचं मत

वरच्या आणि खालच्या गावातल्या दोन्ही शाळा बंद करून अकरा किलोमीटरवर एकच मोठी शाळा काढायची, आणि त्याबद्दल गावकऱ्यांचं मत घ्यायचं, असं पत्रक आलं. खालच्या गावातल्या टेलरबाई मशीनवरचं काम अर्धवट टाकून निघाल्या. त्यांची धाकटी पहिलीत होती.

"गप्प बसून ये," नवरा म्हणाला.

"गप्प बसायला घर काय वाईट आहे?" म्हणत त्यांनी चपला घातल्या.

दोन्ही गावांची सभा खालच्या शाळेच्याच वर्गात होती. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. जिल्ह्याच्या कार्यालयातून आलेल्या मॅडमनी भिंतीवर मोठा कागद चिकटवला, रंगीत पेनं काढली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आज तुम्ही बोलायचं, आम्ही फक्त ऐकायचं."

कागदावर तीन प्रश्न होते. नव्या शाळेचं नाव काय असावं, भिंतींना रंग कोणता द्यावा, गणवेश कसा असावा.

"शाळा बंद करावी की नाही, हा प्रश्न कुठंय?" टेलरबाईंनी विचारलं.

"तो मागच्या टप्प्यात झाला, ताई."

"तेव्हा आम्हाला कुणी बोलावलं नाही."

"वेबसाइटवर होता ना, पंधरा दिवस. चार जणांनी मतं दिली. चारही अनुकूल."

टेलरबाई खाली बसेनात. "बस साडेसहाला सुटणार म्हणता. म्हणजे सहा वर्षांच्या पोरीला पाचला उठवायचं. ती वर्गात पेंगणार नाही तर काय करणार? हे लिहा."

मॅडमनी मान डोलावून हिरव्या पेनानं लिहिलं, 'मुलांना लवकर उठण्याची सवय लागेल.'

"मी असं नाही म्हटलं!"

"आशय तोच आहे, ताई. फक्त सकारात्मक मांडलंय."

मग गणवेशाचा विषय निघाला आणि सभेत जीव आला. वरच्या गावाला निळा हवा होता, खालच्याला तपकिरी. शाळा बंद होतेय म्हटल्यावर तोंडातून चकार शब्द न काढणारे दूधवाला आणि सलूनवाला आता एकमेकांच्या अंगावर धावून गेले. दोन तास नुसती रणधुमाळी. मॅडम खुशीत लिहीत होत्या. असा भरघोस प्रतिसाद त्यांना आजवर कुठे मिळाला नव्हता.

शेवटी टेलरबाईंना राहवलं नाही. "निळा चार धुण्यांत विटतो! तपकिरी घ्या आणि घरी चला!"

कापडातलं बाईंना कळतं, यावर मात्र दोन्ही गावांचं एकमत झालं.

अहवालात 'स्थानिक तज्ज्ञ महिलेच्या सूचनेनुसार' असा उल्लेख आला. नवरा तो दारोदार दाखवत फिरला. टेलरबाईंना मात्र तोंड लपवावंसं वाटत होतं. "शाळा वाचवायला गेले आणि चड्डीचा रंग ठरवून आले," त्या बहिणीला म्हणाल्या.

नवी शाळा सुरू झाली. धाकटी बसमध्ये झोपायची, पहिल्या तासालाही झोपायची. निम्मा वर्गच बाकांवर डोकी टेकून असायचा. हेडमास्तरांनी महिनाभर हे पाहिलं आणि एका सोमवारी बसवाल्याला सांगितलं, "उद्यापासून साडेसातला निघ." शाळाही तासभर पुढे ढकलली. त्यांनी सभा घेतली नाही की कुणाला विचारलं नाही. पोरं मात्र जागी झाली.

पंधरा दिवसांत हेडमास्तरांना नोटीस आली. लोकांचं मत न घेता वेळ का बदलली, याचा खुलासा करा.

हे कानावर आलं तेव्हा टेलरबाई एका शर्टाची काजं करत होत्या. त्यांनी सुई तशीच कापडात खोचली, कोरी वही उचलली, वर 'बस साडेसातलाच सुटावी' असं लिहिलं आणि दोन्ही गावं पालथी घातली. दूधवाल्यानं सही केली. त्याच्या नावाखाली आपलं नाव नको म्हणून सलूनवाल्यानं पान उलटून मागच्या बाजूला केली. दोनशे बारा सह्या घेऊन बाई जिल्ह्याच्या कार्यालयात पोचल्या.

मॅडमनी वही चाळली. "पण ताई, या विषयावरची सभा अजून जाहीरच झाली नाहीये."

"मग जाहीर होईपर्यंत ठेवा तुमच्यापाशी. पोच द्या."

मॅडमनी जरा विचार केला, दाराकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारून दिला.

हेडमास्तरांच्या खुलाशाला अजून उत्तर आलेलं नाही. बस साडेसातला सुटते. टेलरबाईंनी हेडमास्तरांना एक पँट शिवून दिली, त्यांना न विचारता, माप न घेता, नुसत्या अंदाजानं. ती कमरेत चांगलीच सैल झाली. मास्तर पट्टा आवळून वापरतात.